मुरगळलेला घोटा आणि मैदानावर परतण्याची घाई

2024 च्या नोव्हेंबर महिन्यात आपल्या इंदूरच्या होळकर स्टेडियमवर मध्य प्रदेश आणि बंगाल यांचा रणजी सामना झाला. पाहणाऱ्यांचे लक्ष धावफलकापेक्षा एका गोलंदाजाच्या पावलांकडेच अधिक होते. मोहम्मद शमी याने 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादेस विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला, त्यानंतर वर्षभर एकही सामना खेळलेला नव्हता. टाचेमागील कंडरेवर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणाऱ्या जाड दोरीवर, फेब्रुवारी 2024 मध्ये शस्त्रक्रिया झाली. पुढे मध्यंतरी गुडघ्यालाही सूज आली. इंदुरास पहिल्या दिवशी दहा षटके टाकूनही त्याला एकही बळी मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने चार बळी घेतले. दोन्ही डाव मिळून 43.2 षटके व सात बळी, आणि बंगालने सामना अकरा धावांनी जिंकला.

आमच्या शाळेतील दोन मुले तो सामना पाहून आली आणि दुसऱ्या दिवशी मला विचारू लागली, “सर, टाच दुखली म्हणून कोणी वर्षभर घरी बसते का?” प्रश्न भाबडा होता, पण तो पुष्कळ पालकांच्याही मनात असतो. स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संपादक मंडळींनी सुचविले तेव्हा हाच विषय घ्यावा असे वाटले. मी डॉक्टर नव्हे. विज्ञान शिकवितो व खेळाचा तास घेतो. परंतु मुलगा लंगडत आला की सर्वप्रथम तो ज्याच्यापुढे उभा राहतो तो शिक्षकच असतो, नाहीतर आई.

एका पावलात सव्वीस हाडे असतात. ती एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. घोट्याच्या बाहेरच्या बाजूस असे तीन अस्थिबंध आहेत. धावताना पाऊल आतल्या बाजूस वळून पडले की सारा ताण त्यांच्यावर येतो, आणि बहुधा सर्वांत पुढचा आधी फाटतो. यालाच पुण्याकडे पाय मुरगळणे म्हणतात. आपण इंदूरकर हिंदीच्या सहवासाने “मोच आली” म्हणतो. नाव कोणतेही घ्या, दोरीचे काही धागे तुटलेले असतात. आता जी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते ती सांगतो. हे अस्थिबंध नुसत्या दोऱ्या नव्हेत. पाऊल कसे पडले, किती कलले, याची खबर मेंदूला पोचविणारे बारीक मज्जातंतू त्यांच्यात असतात. दोरी फाटली की ही खबरही खंडित होते. सूज उतरते, दुखणे थांबते, पण घोटा आंधळाच राहतो. म्हणूनच एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो.

हे मला पुस्तकातून समजण्यापूर्वी एका विद्यार्थ्याच्या पायावरून समजले. आमचे मैदान माळव्याच्या काळ्या मातीचे. पाऊस सरून ऊन पडले की तिला भेगा जातात आणि ढेकळे वर येतात. खो-खो खेळताना नववीतील एका मुलाचा पाय अशाच ढेकळावर पडला. बाहेरच्या गाठीपुढे लिंबाएवढी सूज आली. मी पट्टी बांधून त्याला घरी धाडले. घरच्यांनी त्याला हाडे बसविणाऱ्या एका पहलवानाकडे नेले. तेथे गरम तेलाने चोळून झाले, आणि रात्रीपर्यंत पाऊल निळे-काळे पडले. सहाव्या दिवशी सूज बरीच उतरली होती. आंतरशालेय सामना तोंडावर आला होता. मी विचारले, “दुखते का रे?” तो म्हणाला, “नाही सर.” नाही म्हणणारच, संघातून वगळले जावे असे कोणत्या मुलाला वाटते? मी त्याला खेळविले. तिसऱ्या पाळीत तोच पाय पुन्हा वळला, आणि या खेपेस क्ष-किरण चित्रात हाडाचा तुकडा निघालेला दिसला. दीड महिना प्लास्टर! पहलवानाला दोष देणे सोपे आहे, परंतु त्याचे शिक्षण कोणी केले नव्हते. माझे केले होते.

तेव्हा पहिल्या तासात काय करावे? खेळ तत्काळ थांबवावा. बुटाची नाडी सैल करावी. पाय उशीवर किंवा दप्तरावर उंच ठेवावा. उसाच्या रसवाल्याकडून बर्फ आणावा, फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरावा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा लावावा. उघडा बर्फ कातडीवर ठेवू नये, त्याने कातडी पोळते. बर्फाने दुखणे दबते एवढेच. फाटलेले त्याने सांधत नाही. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर पोटरीकडे बांधीत न्यावे. बोटे गार पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांधावे. पहिले दोन-तीन दिवस शेक, गरम तेल, मालिश हे सारे वर्ज्य. फुटलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून स्राव चालू असतो, चोळल्याने तो वाढतो. आंबेहळदीचा लेप आजीबाईंनी लावला तर बिघडत नाही, मात्र तो कढत नसावा आणि कातडी फाटलेली नसावी. वेदनाशामक गोळी देऊन मुलाला पुन्हा मैदानात उतरविणे हा तर अपराधच.

क्ष-किरण चित्र केव्हा काढावे याची एक सोपी कसोटी कॅनडातील ओटावा शहरातील डॉक्टरांनी 1992 साली प्रसिद्ध केली आणि ती आज जगभर वापरतात. इजा झाल्यावर लगेच व पुढे तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर चित्र काढावे. तसेच घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या गाठीची मागची कड (खालची सुमारे सहा सेंटिमीटर) किंवा तिचे टोक बोटाने दाबताच हाडात कळ आली, अथवा करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर लागणारे हाड, नाहीतर आतल्या बाजूस कमानीच्या वर असलेले हाड दुखले, तरीही काढावे. यांपैकी काहीही नसेल तर मोडण्याचा संभव फार थोडा. वाढत्या वयाच्या मुलांत एक भेद लक्षात ठेवावा. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा पट्टा असतो आणि तो अस्थिबंधाहून नाजूक असतो. मोठ्यांचा अस्थिबंध फाटेल तेथे मुलाचा हा पट्टा दुखावतो, आणि चित्रात तो नेहमीच दिसेल असे नाही. म्हणून मुलाचे हाड दाबून दुखत असेल तर चित्र स्वच्छ आले तरी अस्थितज्ज्ञास दाखवावे. पहलवानांत काहींच्या हाताला गुण असतो हे मी नाकारीत नाही, पण बोटांना आतली चीर दिसत नाही.

इथपर्यंतचे पुष्कळांना अर्धेमुर्धे ठाऊक असते. खरी उपेक्षा होते ती पुढच्या आठवड्यांची. पूर्वी मुरगळलेला पाय महिनाभर बांधून ठेवीत. आता हाड मोडलेले नसेल तर दोन-तीन दिवसांनी, सोसेल तेवढा भार देत, चालावयास लावतात. हलक्या ताणाने नवे धागे योग्य दिशेने जुळतात. मी मुलांना पाय अधांतरी धरून अंगठ्याने हवेत मुळाक्षरे गिरवावयास सांगतो, अ पासून ज्ञ पर्यंत. अक्षर वाईट असलेल्या मुलांनाही हे आवडते! पुढे भिंतीला हात टेकून टाचा उचलणे. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या एका पायावर अर्धा मिनिट उभे राहणे, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. दात घासताना हे सहज साधते. आंधळ्या घोट्याला दृष्टी देणारा व्यायाम हाच. त्याने पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटते हे सिद्ध झालेले आहे.

मैदानात केव्हा परतावे हे पंचांगावरून ठरत नाही. हलकी मोच दोन-तीन आठवडे घेते, मोठी दीड महिना किंवा त्याहून अधिक. दुखऱ्या पायावर लंगडी दुसऱ्या पायाइतकीच घालता आली पाहिजे, सरळ धावता आले पाहिजे, नंतर नागमोडी. आपल्या घरांत आणखी एक कसोटी आयतीच आहे. टाच न उचलता उकिडवे बसता येते का, नमाजात बसताना पावलावर भार सोसतो का, ते पाहावे. तोवर खुर्चीवर बसून नमाज पढण्यास आजाऱ्याला मुभा आहेच, तिचा संकोच कशाला?

मोठ्या खेळाडूंनाही येथे सूट नाही. 19 ऑक्टोबर 2023 रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे विश्वचषकाच्या सामन्यात स्वतःच्या गोलंदाजीवर पायाने चेंडू अडविताना हार्दिक पंड्याचा डावा घोटा दुखावला. काही सामन्यांनंतर तो परतेल अशी आशा होती, पण 4 नोव्हेंबरला तो स्पर्धेतूनच बाहेर पडला. देशातले उत्तम वैद्यकीय साहाय्य हाताशी असूनही त्या पायाने घाई मानली नाही.

टाचेमागच्या कंडरेची गोष्ट वेगळी. ती हळूहळू झिजते आणि सकाळी उठताना ताठ होते. ते दुखणे अंगावर काढीत खेळू नये. धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले, वळून पाहिले तर कोणी नाही, आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा तुटली असे समजून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. दहा-बारा वर्षांच्या मुलांची टाच खेळानंतर दुखते ती बहुधा वाढीमुळे. खेळ थोडा कमी केला की ती शमते.

पालकांशी एक बोलावयाचे आहे. मुलाचा पाय मुरगळला तर आपण त्याला फार लवकर मैदानावर सोडतो, आणि मुलीचा मुरगळला तर तिचा खेळच बंद करतो. गेल्या साली एका चांगल्या खो-खो खेळणाऱ्या मुलीचे वडील मला म्हणाले, “सर, पाय अधू राहिला तर उद्या कोण विचारील?” मी त्यांना वर लिहिलेली कसोटी दाखविली आणि मुलीला त्यांच्यापुढेच एका पायावर, डोळे मिटून, उभे केले. ती अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ उभी राहिली. वडील मनातल्या मनात मोजीत होते. नंतर त्यांनी स्वतः प्रयत्न केला, तो दहाच्या आत पाय टेकला. मुलगी पुढच्या आठवड्यापासून सरावाला येऊ लागली, घोट्याला नाडीचा आधारपट्टा बांधून.