बेस वाढवायचाय? आधी खोली बघा, मग सबवूफर विका



तुमचं टीव्ही-ऑडिओचं दुकान असेल किंवा तुम्ही ते सुरू करायच्या तयारीत असाल, तर एक वाक्य तुम्हाला वारंवार ऐकायला मिळणार आहे. "दादा, घरी होम थिएटर आहे, पण बेस पाहिजे तसा येत नाही. मोठा सबवूफर दाखवा."

हे ऐकलं की नव्या दुकानदाराला लगेच बिल दिसायला लागतं. मलाही दिसलं होतं. ते मला महागात पडलं, म्हणून आजचा हा लेख. व्हिडिओत डेमो आहेच, इथे हिशोबासकट सगळं नीट मांडतो.

माझी चूक

दुकानाचं दुसरं वर्ष. बीबीए झालेलं, मार्केटिंगचे चार 'पी' तोंडपाठ आणि डोक्यावर कर्ज. दिवाळीच्या आधी एक सर आले, शाळेत शिक्षक. घरी एव्ही रिसीव्हर, पाच स्पीकर आणि आठ इंची सबवूफर. मी एकही प्रश्न विचारला नाही. थेट बारा इंची लावून दणका ऐकवला. सर खूश, मीही खूश. बिल २८ हजार.

चौथ्या दिवशी फोन आला. "अहो, नुसतं घुमतंय. संवाद कळत नाहीत. सोफ्यावर बसलं की डोकं दुखतं, आणि हॉलच्या मध्ये उभं राहिलं की बेस गायब!" मी फोनवरच म्हणालो, "सर, माल चांगला आहे." माल खरंच चांगला होता. पण आठवड्याभरात सर रिक्षात घालून तो परत घेऊन आले.

मी तो परत घेतला. वापरलेला माल म्हणून सहा महिन्यांनी १९ हजारांना गेला. माझी खरेदी २३ हजारांची. चार हजार गेले आणि सहा महिने भांडवल अडकलं. त्याहून मोठा तोटा वहीत लिहिलेला नाही. सरांच्या शाळेतून पुढे एकही गिऱ्हाईक माझ्याकडे आलं नाही.

जाताना सर एवढंच म्हणाले, "तुम्ही एकदा घरी येऊन बघितलं असतं तर?"

मोठा आवाज वेगळा, खोल आवाज वेगळा

गिऱ्हाईक 'बेस' म्हणतं तेव्हा त्याला दोनपैकी एक गोष्ट हवी असते. एक म्हणजे छातीत बसणारा दणका, आणि दुसरी म्हणजे सिनेमातली ती खोल गडगड, जी ऐकू कमी येते आणि अंगाला जास्त जाणवते. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपर्यंत खाली ऐकतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. म्हणजे गाण्यांसाठी ४० पर्यंत नीट जाणारा सबवूफर बऱ्याच जणांना पुरतो. सिनेमातले स्फोट आणि भूकंप त्याच्याही खाली जातात.

खाली जाणं का महाग पडतं? हर्ट्झ निम्मे केले आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटलं, तर चौपट हवा हलवावी लागते. म्हणून छोटा डबा ५० ला दणदणतो आणि २५ ला गप्प बसतो. बारा इंची कोनचं क्षेत्रफळ आठ इंचीच्या सव्वादोन पट असतं, त्यामुळे मोठ्या सबवूफरचा फायदा खरा आहे. पण तो फायदा सोफ्यापर्यंत पोचतो की नाही, ते खोली ठरवते.

खोलीचा हिशोब

हा हिशोब पाठच करा. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, उत्तर येतं ४० हर्ट्झ. या ४० हर्ट्झला दोन्ही टोकांच्या भिंतींजवळ बेस फुगतो आणि खोलीच्या मधोमध जवळपास नाहीसा होतो. रुंदी आणि उंचीचंही असंच.

सरांचा हॉल १४ फुटी, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आणि सबवूफर कोपऱ्यात. कोपऱ्यात ठेवला की हे सगळे फुगवटे एकदम जोर धरतात. मोठा सबवूफर लावून मी तो फुगवटाच मोठा केला होता!

आधी फुकटचे चार उपाय

१. जागा बदला. सबवूफर उचलून सोफ्यावर, म्हणजे ऐकणाऱ्याच्या जागी ठेवा. बेस असलेलं एकच गाणं सारखं लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा, कान खाली ठेवून. जिथे बेस एकसारखा आणि स्वच्छ वाटेल, तिथे सबवूफर ठेवा. गिऱ्हाईक हसेल, हसू दे. सोफा फूट-दीड फूट पुढे सरकवता आला तर तोही सरकवा.

२. सेटिंग बघा. छोटे स्पीकर असूनही रिसीव्हरमध्ये 'लार्ज' निवडलेलं असतं, मग गाण्यांचा बेस सबवूफरकडे जातच नाही. 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा. सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर किंवा 'एलएफई'वर, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात.

३. फेज तपासा. एकाने सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने ० आणि १८० बदलायचं. जिथे बेस भरलेला वाटेल ते ठेवायचं. दहा सेकंदांचं काम आहे, पण ते कुणी करत नाही.

४. शेवटी व्हॉल्यूम. सबवूफरचा गेन निम्म्यावर ठेवून रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन माइक लावून चालवा.

हे काम व्यवसाय म्हणून करायचं असेल, तर एक कॅलिब्रेटेड यूएसबी माइक घ्या आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर शिका. बेसचा आलेख स्क्रीनवर दाखवला की गिऱ्हाइकाशी वाद घालावा लागत नाही.

तरीही कमी पडलं तर मोठा द्या, पण हे विचारून

सबवूफर जोडणार कुठे? रिसीव्हरला 'सब आऊट' आहे का, ते आधी बघा. स्वस्त ४.१ किंवा ५.१ सेटमध्ये बहुतेक वेळा सगळ्या स्पीकरचा ॲम्प्लिफायर सबवूफरच्या डब्यातच असतो. तो काढला की सगळा सेट मुका! साउंडबारचा वायरलेस सबवूफरही सहसा त्याच कंपनीचा लागतो. अशा वेळी स्पष्ट सांगा: "साहेब, यात नुसता सबवूफर बदलता येणार नाही."

वॅट कुठले? आरएमएस बघा, पीएमपीओचे हजारो वॅट विसरा. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात.

किती खाली जातो? माहितीपत्रकात नुसतं '२० हर्ट्झ' लिहिलेलं पुरत नाही. शेजारी 'उणे ३ डेसिबल' लिहिलंय का ते बघा.

डबा बंद की पोर्टवाला? पोर्टवाला त्याच्या ठरावीक हर्ट्झपर्यंत जास्त दणका देतो, पण त्याखाली झपाट्याने पडतो. बंद डबा हळूहळू उतरतो, आणि छोट्या खोलीत भिंतींची मदत मिळून तो खाली बऱ्यापैकी टिकतो.

ऐकणारे किती? कुटुंब मोठं असेल, तर एका मोठ्यापेक्षा योग्य जागी ठेवलेले दोन मध्यम सबवूफर बरे. सोफ्यावरच्या सगळ्यांना सारखा बेस मिळतो.

फ्लॅट असेल तर शेजाऱ्यांचंही बघा. खोल बेस भिंतीला जुमानत नाही. खाली फोमचा पॅड द्या, म्हणजे फरशीतून जाणारी थरथर कमी होते. पण हवेतून जाणारा बेस पॅड अडवत नाही, हेही सांगा. सोसायटीत भांडण झालं की माल तुमच्याकडेच परत येतो.

आता धंद्याचं

आज माझा नियम आहे: घरी जाऊन बघितल्याशिवाय सबवूफर विकायचा नाही. व्हिजिटचे ५०० रुपये, खरेदी केली तर बिलात वजा. जाताना मोजपट्टी, माइक आणि एक छापील फॉर्म न्यायचा. त्यात खोलीची मापं, सोफ्याची जागा, रिसीव्हरचं मॉडेल, सिनेमा जास्त की गाणी, वर-खाली कोण राहतं, हे सगळं लिहायचं. गिऱ्हाइकाची सही घ्यायची. बऱ्याच घरांत मी काहीही न विकता परत येतो. पण त्या नियमानंतर माझ्याकडे एकही सबवूफर परत आलेला नाही.

आणि ते सर? दोन वर्षांनी मीच फोन करून त्यांच्याकडे गेलो. त्यांचा तोच जुना आठ इंची सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढला, सोफा पुढे घेतला, 'लार्ज'चं 'स्मॉल' केलं, फेज फिरवली. पाऊण तास लागला. सर शांतपणे ऐकत बसले होते. मग म्हणाले, "म्हणजे तेव्हा मला नवीन घ्यायची गरजच नव्हती?"

मी म्हणालो, "नव्हती सर."

हे दोन शब्द बोलायला मला दोन वर्षं लागली. पैसे घेतले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांच्या स्टाफरूममधून पहिला फोन आला.

तुमचा गृहपाठ: तुमच्या दुकानात जी वस्तू सगळ्यात जास्त वेळा परत येते, तिचं नाव लिहा. खाली असे पाच प्रश्न लिहा, जे विकण्याआधी विचारले असते तर ती परत आली नसती. ते पाच प्रश्न उद्यापासून काउंटरवर चिकटवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण घर बघून करा!