प्राचलांची स्वयंचलित जुळणी

प्राचलांची स्वयंचलित जुळणी ही प्रोग्रॅममधील ऑब्जेक्टच्या गुणधर्मांची मूल्ये डेटाबेसच्या आज्ञेतील त्याच नावाच्या प्राचलांना, म्हणजे पॅरामीटरना, आपोआप पुरवण्याची पद्धत आहे. गुणधर्मांची नावे बहुधा रिफ्लेक्शन या सुविधेने वाचली जातात. त्यामुळे प्रत्येक प्राचलासाठी स्वतंत्र ओळ लिहावी लागत नाही. डॉटनेटसाठी २०११ मध्ये आलेल्या डॅपर लायब्ररीत ही सोय आहे.

या पद्धतीत मूल्य आज्ञेच्या मजकुरात मिसळत नाही. उदाहरणार्थ, गिरगावातील एखाद्या ग्रंथालयाने सभासदाचे 'डि'सोझा' हे आडनाव एसक्यूएल आज्ञेत थेट जोडल्यास त्यातील अपॉस्ट्रॉफीपाशीच मजकूर संपल्याचे मानले जाते व नोंद अडते. एसक्यूएल इंजेक्शन हा हल्लाही याच त्रुटीचा फायदा घेतो. प्राचलातून दिलेले आडनाव जसेच्या तसे नोंदले जाते. गुणधर्म व प्राचल यांची नावे न जुळल्यास मात्र प्राचल मूल्यावाचून राहते.