बँड कधी उमटतो

पेशी फोडायच्या त्या बर्फावरच. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत हेला पेशींच्या डिशवर मी थंड बफर ओतते आणि पेशी खरवडून घेते. बफरमध्ये सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट आधीच घातलेलं असतं. नाहीतर मी जी खूण शोधतेय तीच पेशीतली फॉस्फटेज एन्झाइमं पुसून टाकतात. ती खूण म्हणजे बीआरएसके-२ या काइनेजच्या १७४व्या थ्रिओनिनवर बसलेला एक फॉस्फेट.

काइनेजचं कामच एटीपीचा फॉस्फेट दुसऱ्या प्रथिनावर बसवण्याचं. पण बीआरएसके-२ला स्वतःला आधी कुणीतरी चालू करावं लागतं, आणि ते करतं एलकेबी-१. हेला पेशींत एलकेबी-१ नसतंच, म्हणून इथे त्या सोयीच्या. वेस्टर्न ब्लॉटवर ती खूण ओळखणारी अँटिबॉडी लावली की नुसतं बीआरएसके-२ घातलेली लेन कोरी राहते, एलकेबी-१ सोबत दिलं की शेजारच्या लेनमध्ये ठसठशीत बँड येतो. ब्लॉटचा पडदा ब्लॉक करायला मी दूध पावडर टाळते. दुधातल्या केसिनवरही फॉस्फेट असतात, त्यामुळे सगळा पडदा काळवंडू शकतो. त्याऐवजी बीएसए हे प्रथिन वापरते.

उमरेडला घरी कुणी माझ्या कामाबद्दल विचारलं की मी मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीपासून सुरुवात करते. ती गोळी आमच्या घरात रोज घेतली जाते. तिचा काही परिणाम एएमपीके या काइनेजमार्फत होतो. एएमपीके धरून अशी १३ काइनेजं एलकेबी-१ चालू करतं, हे २००४ मध्ये डंडीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. एएमपीकेवर हजारो शोधनिबंध आहेत. बीआरएसके मात्र मागे राहिलं. चेतापेशीच्या कुठल्या फांदीचा अक्षतंतू व्हायचा हे ठरण्यात त्याचा हात असतो, हे उंदरांत २००५ मध्येच दिसलं होतं, तरीही. माणसात पाचशेहून अधिक काइनेजं आहेत आणि त्यांतल्या कितीतरींची हीच गत आहे. चांगली अँटिबॉडी नाही म्हणून कुणी हात घालत नाही, कुणी हात घालत नाही म्हणून अँटिबॉडी बनत नाही. मला हे मनापासून खटकतं.

शिवाय फॉस्फेट बसला म्हणजे झालं, असंही नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं की बीआरएसकेमधल्या सिस्टीनांचं ऑक्सिडेशन होतं आणि ते मंदावतं. ते ऑक्सिडेशन उलटवणारं डीटीटी घातलं की पुन्हा कामाला लागतं. त्यामुळे नुसत्या बँडवर मी विसंबत नाही. त्याच नमुन्यात, बीआरएसके ज्यावर फॉस्फेट बसवतं त्या टाऊ प्रथिनाच्या २६२व्या सेरिनवर किती फॉस्फेट चढला, तेही बघते.