कण्हेरीच्या पानावरचा हिशोब

आज आम्ही झाडांबद्दल बोलणार आहोत, पण फुलांबद्दल नाही. पानांवर बसणाऱ्या धुळीबद्दल.

मोठ्या महामार्गांच्या दुभाजकावर लाल-गुलाबी कण्हेर बघितली असेल. तिला पाणी कमी लागतं आणि ती विषारी, त्यामुळं जनावरं तोंड लावत नाहीत. म्हणून ती तिथं लावतात. पण याच पानांवरून शहरातल्या हवेत कुठले धातू उडतात, हे शास्त्रज्ञ शोधतात. तुर्कस्तान आणि स्पेनमध्ये कण्हेरीवर असा अभ्यास झाला आहे.

हवेत धातू येतात कुठून? गाडीचा ब्रेक दाबला की लायनर घासतं, त्यातून तांबं उडतं. टायर झिजतं, त्यातून जस्त. फौंड्रीच्या धुरातूनही धातूचे बारीक कण येतात. पूर्वी पेट्रोलमध्येच शिसं मिसळत. २००० सालापासून आपल्या देशात ते बंद झालं. पण शिसं कुजत नाही की विरत नाही. रस्त्याकडेच्या मातीत पडलेलं शिसं धुळीबरोबर परत वर येऊ शकतं.

आपल्या मसाल्यातलं दगडफूल माहीत आहे ना? त्याला मुळं नसतात. पाणी, खाणं सगळं ते हवेतून घेतं, म्हणून हवेतले धातूही त्यात साठतात. हवा तपासायला ते फार चांगलं. पण शहराच्या धुरात त्याच्या बऱ्याच जाती टिकत नाहीत. मग तिथं जी झाडं तग धरतात, ती कामाला येतात. कण्हेरीचं पान जाड, वर्षभर हिरवं, वरून मेणचट. पालथी बाजू बघाल तर तिथं बारीक खळगे आणि त्यात लव असते. धूळ तिथं अडकते.

तपासणीची रीत सोपी आहे. रस्त्याकडेच्या आणि रस्त्यापासून लांबच्या झाडांची, सारख्या उंचीवरची, सारख्या वयाची पानं घेतात. निम्मी धुतात, निम्मी तशीच ठेवतात. मग वाळवून, दळून, आम्लात विरघळवून यंत्रावर धातू मोजतात. धुतलेल्या आणि न धुतलेल्या पानांतला फरक म्हणजे नुसतं वर बसलेलं. धुऊनही जे उरतं, ते पानात शिरलेलं किंवा मुळातून आलेलं. म्हणून झाडाखालची मातीही तपासावी लागते. आणि लांबचं, स्वच्छ जागेचं पान नसेल तर तुलनाच होत नाही. शहराची हवा समजायला रानातलं पान लागतं.

पान यंत्राची जागा घेत नाही, हेही सांगायला हवं. हवेतलं शिसं, निकेल आणि आर्सेनिक किती असावं, याची मर्यादा सरकारनं २००९ मध्ये ठरवली आहे. ती मोजायला यंत्रच लागतं. पण यंत्रं महाग, मोजक्याच ठिकाणी बसवलेली. झाडं गल्लोगल्ली असतात. हवेत नेमकं किती हे पान सांगत नाही, पण कुठं जास्त आणि कुठं कमी ते सांगतं.

आता तुम्ही म्हणाल, हे शहराचं झालं, शाहूवाडीत आमचं काय? बांबवडे, मलकापूर, आंबा या गावांवरून कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता जातो. ब्रेक आणि टायर तेच. जी धूळ कण्हेरीवर बसते, तीच रस्त्याकडेला वाळत घातलेल्या मिरचीवर, पापडावर आणि मेथी-कोथिंबिरीवर बसते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाचा धोका सगळ्यात जास्त. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

घरी एक करून बघा. दिवाळीनंतर, आठ-दहा दिवस पाऊस नसताना, रस्त्याकडच्या आणि परड्यातल्या जास्वंदीची दोन-दोन सारखी पानं ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसा. कण्हेर घेऊ नका, तिचा चीकही विषारी. फडक्यावरच्या डागातून धूळ किती ते कळेल. त्यात धातू किती, ते मात्र प्रयोगशाळाच सांगेल.

डाग काळा दिसला तर घाबरू नका, सवयी बदला. वाळवण रस्त्यापासून लांब, परड्यात किंवा माडीवर घाला, वर पातळ कापड टाका. पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून धुवा. अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडा, सोपा ओल्या फडक्यानं पुसा. मुलांचे हात जेवणाआधी धुवा. रस्त्याच्या बाजूला झुडपांचं दाट कुंपण केलंत तर थोडी धूळ तिथंच अडेल. सगळी नाही.

पुढच्या वेळी जास्वंद तोडताना पानाकडंही एकदा बघा. डाग कसा पडला, ते आम्हाला जरूर कळवा.