‘रिफ्यूज’ म्हणजे नेमकं काय? पाकिटावर हा शेरा आला तर काय होतं?

समजा, एकाचा चेक बाऊन्स झाला. ज्याचे पैसे अडकले, त्याच्या वकिलाने पोस्टाने नोटीस पाठवली. पोस्टमन दारात आला. पाठवणाऱ्याचं नाव वाचून घरातून उत्तर आलं, “आम्हाला नको, परत पाठवा.” पोस्टमनने पाकिटावर ‘रिफ्यूज्ड’ असा शेरा लिहिला आणि पाकीट परत गेलं.

नोटीस हातात घेतलीच नाही, म्हणजे ती मिळालीच नाही, असा अनेकांचा समज असतो. कायदा मात्र याच्या नेमका उलट विचार करतो. तो तसा का करतो, हे ‘रिफ्यूज’ या क्रियापदाच्या अर्थातच दडलेलं आहे.

‘रिफ्यूज’ म्हणजे नकार देणे, हे शाळेतच शिकवलं जातं. पण या शब्दाला एक अट आहे. आधी कुणीतरी काहीतरी देऊ केलेलं असावं लागतं किंवा मागितलेलं असावं लागतं, आणि समोरच्याने ते कळूनसवरून नाकारलेलं असावं लागतं. जे समोर आलंच नाही, ते ‘रिफ्यूज’ करता येत नाही. म्हणूनच घराला कुलूप असेल तर पाकिटावर वेगळा शेरा येतो आणि घरातल्या माणसाने नको म्हटलं तर वेगळा.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ मधल्या नियम ९ नुसार, प्रतिवादीने समन्स घ्यायला नकार दिल्याचा शेरा आला, तर समन्स रीतसर बजावलं गेलं असं न्यायालय जाहीर करतं. चेक बाऊन्सच्या नोटिशीलाही न्यायालयं साधारण हाच न्याय लावतात. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ नुसार, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात. नोटीस नाकारणारा माणूस वेळ मिळवल्याच्या समाधानात असतो, पण प्रत्यक्षात त्याचे हे दिवस सुरू झालेले असतात. शिवाय नोटिशीत काय लिहिलंय, हे त्यालाच ठाऊक नसतं! पोस्टमनने शेरा चुकीचा मारला असेल तर तसं न्यायालयात मांडता येतं, पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी नोटीस न मिळाल्याचा दावा करणाऱ्यावर येते.

मराठी माणसाची खरी गफलत होते ती ‘रिफ्यूज’ आणि ‘डिनाय’ यांच्यात. दोष आपल्या ‘नाकारणे’ या शब्दाचा आहे, कारण तो दोन्हीकडे चालतो. आपण आमंत्रण नाकारतो आणि आरोपही नाकारतो. इंग्रजीत आमंत्रण ‘रिफ्यूज’ होतं, आरोप ‘डिनाय’ होतो. एकात ‘मी हे करणार नाही’ असं म्हणणं आहे, दुसऱ्यात ‘हे खरं नाही’. त्यामुळे ‘ही डिनाइड टू कम’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं वाक्य चूक आहे. तिथे ‘ही रिफ्यूज्ड टू कम’ हवं. ‘रिफ्यूज्ड कमिंग’ हेही चालत नाही, ‘रिफ्यूज’नंतर ‘टू’ आणि मूळ क्रियापदच येतं. परवानगी मिळाली नाही, अशा अर्थाने मात्र दोन्ही शब्द वापरता येतात.

‘डिक्लाइन’ हा याच घरातला सौम्य शब्द. लग्नाचं आमंत्रण नम्रपणे नाकारायचं असेल तर ‘डिक्लाइन’ बरा, ‘रिफ्यूज’मध्ये ताठरपणा जाणवतो.

इंग्रजी वस्तूंनाही ‘रिफ्यूज’ करू देते. ‘द कार रिफ्यूज्ड टू स्टार्ट’ याचं भाषांतर ‘गाडीने सुरू होण्यास नकार दिला’ असं केलं की हसू येतं. मराठीत त्यासाठी वेगळा शब्दही लागत नाही, ‘गाडी सुरू होईना’ म्हटलं की झालं. दार उघडेना, पोरगं ऐकेना, पाऊस थांबेना. हट्ट क्रियापदाच्या रूपातच आला.

हा शब्द महागात पडू शकतो अशी आणखी एक जागा म्हणजे व्हिसाचा अर्ज. अमेरिकेच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये, तुम्हाला यापूर्वी कधी अमेरिकेचा व्हिसा ‘रिफ्यूज’ झाला आहे का, असा प्रश्न असतो. मुलाखतीत कागदपत्रं अपुरी पडली म्हणून कलम २२१(जी) खाली अर्ज अडकला आणि नंतर व्हिसा मिळाला, तर अनेक जण इथे ‘नाही’ लिहितात. त्यांच्या मते तो नकार नव्हता, नुसता उशीर होता. अमेरिकेचं परराष्ट्र खातं मात्र २२१(जी) हाही नकारच मानतं. त्यामुळे उत्तर ‘हो’ असं द्यायचं आणि पुढे काय झालं ते लिहायचं. पूर्वी नकार मिळाला म्हणून पुढचा व्हिसा आपोआप नाकारला जात नाही. माहिती जाणूनबुजून लपवल्याचा ठपका मात्र कायमचा भोवू शकतो.

ब्रिटनच्या व्हिसा व्यवस्थेत तर ‘रिजेक्ट’ आणि ‘रिफ्यूज’ हे दोन वेगळे निकाल आहेत. फी भरली नाही किंवा अर्जच नियमाप्रमाणे नाही, तर तो न तपासता ‘रिजेक्ट’ होतो. तपासून नाही म्हटलं, तर ‘रिफ्यूज’. त्यामुळे जुन्या अर्जाबद्दल लिहिण्याआधी तेव्हा आलेलं पत्र किंवा ईमेल काढून त्यात नेमका कोणता शब्द आहे, ते पाहून घ्यावं.