मीठ-चहा सोडून सारं घरचं

फुलसावंगीहून मोटारसायकलींवर निघालो. पक्की सडक संपली, साग दाट होत गेला. आमचे दोस्त इथे जंगलाला लागूनच राहतात.

भाभींनी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि अंबाडीची भाजी वाढली. बाजारातून येतं ते मीठ, चहापत्ती, काडेपेटी. मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते. भाभी वाळवलेल्या फुलांचे लाडू करतात. मुलांनी डबा रिकामा केला.

भाईंचा जीव मात्र एका कागदात अडकलाय. अर्धी जमीन वनखात्याची. 2006 च्या वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा लागतो. आदिवासी नसलेल्यांना त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. थेट 1930 पर्यंत मागे! गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला, पण तिथे अख्खं गाव एक होतं. भाई एकटे.

तरी नियमांत बुजुर्गांचा लेखी जबाब चालतो, जुनी विहीर आणि कबरस्तानही पुरावा ठरतं. निघताना भाईंनी चिंचेखालच्या दोन कबरी दाखवल्या, परदादा आणि परदादींच्या. आम्ही फातिहा पढली. ग्रामसभेपुढे ठेवायला त्यांचे फोटोही काढले.