टेकून बसा, नेम धरा!

नेमबाजी म्हटलं की डोळ्यांसमोर येतं जाड जॅकेट, ताठ उभा खेळाडू आणि ऑलिंपिक. पण खुर्चीत बसून, टेबलावर रायफल टेकवूनही स्पर्धा होते. नाव बेंचरेस्ट. वारणानगरच्या बांधावर आम्ही ती भरवायचं ठरवलं, त्याची ही गोष्ट.

रविवार, सकाळचे साडेसात. पुण्यात असते तर या वेळी मोबाइल सायलेंटवर आणि मी पांघरुणात! पण त्या दिवशी मी वारणानगरजवळच्या आमच्या शेतात उकिडवी बसून जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरत होते. शेजारी चुलतभाऊ लाकडी टेबलाच्या पायाखाली विटेचे तुकडे सारत होता. वहिनी बांबूच्या काठ्यांना लाल रिबिनी बांधत होती. आणि आबा, म्हणजे माझे थोरले काका, खुर्चीत बसून आम्हा सगळ्यांना झापत होते.

"टेबल डुगडुगतंय अजून. जेवायला बसायचं न्हाई तिथं, नेम धरायचाय!"

आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. घरात त्यांच्या नेमाच्या गोष्टी सांगत आम्ही मोठे झालो. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. चहाची बशी सांडते म्हणून आबांनी आधी लग्नाकार्यांना जाणं सोडलं, मग पारावर बसणं सोडलं. वारणेचं कुस्त्यांचं मैदान त्यांनी कधी चुकवलं नव्हतं, तेही सुटलं. टीव्हीचा रिमोट आणि ते, एवढंच उरलं होतं.

म्हणून ही स्पर्धा. निदान माझ्यासाठी तरी.

टेकून नेम? त्यात काय मोठंसं!

तुम्ही हेच विचारणार, माहितीये. मीही हेच विचारलं होतं. रायफल पुढून वाळूच्या पिशवीवर, मागून दुसऱ्या पिशवीवर. तुम्ही आरामात खुर्चीत. मग राहिलं काय?

राहिलं ते सगळं अवघड! उभं राहून नेम धरताना शरीराचं डोलणं हाच मोठा शत्रू असतो. बेंचरेस्टमध्ये तो शत्रू बाजूला काढला की उरतात बारीकसारीक चुका. साधं गणित बघा. मीटरभर लांबीची रायफल एका टोकाला एक मिलिमीटर हलली, तर २५ मीटरवरचा नेम २५ मिलिमीटरनं सरकतो आणि १००० मीटरवर चक्क एक मीटरनं! शिवाय वारा. तो कुठून येतोय, किती येतोय, आत्ता थांबलाय की थांबल्यासारखं दाखवतोय? उत्तर चुकलं की टेबल कितीही भक्कम असो, नेम गेला.

गुण मोजायच्या पद्धती दोन. एकात पाच किंवा दहा गोळ्या झाडायच्या आणि कागदावरच्या सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. जितकं कमी, तितकं भारी. दुसरीत एकाच कागदावर २५ छोटी वर्तुळं छापलेली असतात. प्रत्येकात एकच गोळी, प्रत्येकी दहा गुण, म्हणजे पैकीच्या पैकी २५०. एअर रायफल आणि पॉइंट टू टू रायफलच्या आंतरराष्ट्रीय बेंचरेस्ट स्पर्धा याच दुसऱ्या पद्धतीनं होतात.

राणीनं ओढली दोरी

टेकून नेम धरण्याचा हा फंडा काही आजचा नाही. १८६० साली लंडनजवळच्या विंबल्डनला (हो, टेनिसवालं तेच!) ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली. उद्घाटनाचा बार काढला खुद्द व्हिक्टोरिया राणीनं. रायफल एका लोखंडी टेकूत घट्ट बसवून आधीच नेम लावून ठेवला होता. राणीनं फक्त रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून जेमतेम सव्वा इंचावर लागली. टेकूची करामत!

पुढे अमेरिकेत या प्रकाराची रीतसर क्रेझ आली. तिथल्या पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला १९६७ साली १००० यार्डांच्या बेंचरेस्टचा क्लब निघाला. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर! इतक्या लांबचं टार्गेट साध्या डोळ्यांना ठिपक्यासारखं दिसतं.

चुलतभावानं याच १००० यार्डांच्या स्पर्धांचे व्हिडिओ रात्र रात्र जागून बघितले होते. इंजिनीअर माणूस, त्यात हातात महिन्याचा पगार. दिवाळीत तो म्हणाला, "आपण बी काढूया की लाँग रेंजची स्पर्धा! वारणेत नाही तर कुठं?"

आबा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, "गोळी थांबणार कुठं?"

"टार्गेटवर."

"आणि टार्गेट चुकलं तर? आधी गोळी थांबायची जागा शोध. मग सुटायचं बघ."

आमचं लाँग रेंजचं स्वप्न तिथंच संपलं. हजार मीटरच्या सरळ रेघेत आमच्याकडे ऊस आहे, वस्त्या आहेत, दूध घालायला निघालेली माणसं आहेत. त्यात भर कायद्याची. पॉइंट टू टू असो की त्याहून मोठी, गोळीच्या रायफलला शस्त्रपरवाना लागतो आणि ती चालवायला मान्यताप्राप्त रेंज लागते. शेतात हौस भागवायचा तो विषयच नाही.

पण आबा थांबले नाहीत. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी टीव्ही बंद केला. "छऱ्याची रायफल घ्या. पंचवीस मीटर. छऱ्याला तेवढं लांबच असतंय."

आणि ते बरोबर होतं. ऑलिंपिकमधली एअर रायफल दहा मीटरवरून, बंद हॉलमध्ये चालते. बेंचरेस्टवाले तीच २५ मीटरवर, उघड्यावर नेतात. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा तो छर्रा. साध्या झुळकीनंही बाजूला सरतो. मोठ्या रायफलला हजार मीटरवर जे डोकं लावावं लागतं, तेच इथं छोट्या मापात. पॉइंट वन सेव्हन सेव्हन म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, हाही मोठा दिलासा. तरी आम्ही पोलिसांना आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवलं. गावात कुणी दचकू नये, एवढीच इच्छा.

मेडल नाही, मग कशाला?

हा प्रश्न गावात प्रत्येकानं विचारला. चूक नाही त्यांची. कोल्हापूर जिल्ह्यात नेमबाजी म्हणजे मेडलच! तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवले, त्या वेळच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय महिला ठरली. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं. त्याच वर्षी शाहू मानेनं युवा ऑलिंपिकमध्ये एअर रायफलचं रौप्य मिळवलं. आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं, तेव्हा तर अख्ख्या जिल्ह्यानं गुलाल उधळला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या ब्राँझनंतर महाराष्ट्राच्या मातीतलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

बेंचरेस्ट यात कुठंच नाही. ऑलिंपिकमध्ये नाही, नोकरीच्या कोट्यात नाही.

पण पॅरालिंपिक बघा. तिथं एसएच-टू नावाचा गट आहे. ज्यांच्या हातांत रायफलचं वजन पेलायची ताकद नाही, ते खेळाडू स्प्रिंगच्या स्टँडवर रायफल टेकवून नेम धरतात. आपल्या शेजारच्या हुबळीचे श्रीहर्ष देवरड्डी याच गटातून पॅरिसला गेले होते. दुसऱ्या गटात, स्टँडशिवाय, आपल्या कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियोत चौथा आला होता. पदक अगदी थोडक्यात हुकलं. म्हणजे टेकू ही पळवाट नव्हे. हाताला जे जमत नाही तेवढंच टेकू उचलतो. बाकीचं डोकं, डोळा आणि धीर तुमचाच.

आणि खरं सांगू? आपल्यापैकी बहुतेक जण ऑलिंपिकला जाणार नाहीयेत. म्हणून आपण खेळायचंच नाही का?

जुगाड जिंदाबाद

परदेशात बेंचरेस्टचा खर्च ऐकाल तर भोवळ येईल. जाडजूड नळ्या, खास घडवलेले टेकू, भारीतले स्कोप. इंपोर्टेड मॅच एअर रायफलच लाखांत जाते. पैसा ओतेल तो जिंकेल, असं होऊ नये म्हणून आम्ही पहिला नियम केला: सगळ्यांनी त्याच दोन देशी रायफली वापरायच्या. ज्याची हौस जास्त, त्यानं चहा आणायचा!

पहिल्या सरावाला मात्र फज्जा. छर्रे कागदभर पसरले. चूक सापडायला अख्खा दिवस गेला. स्प्रिंगची एअर रायफल छर्रा सुटायच्या आधीच आत धक्का खाते. पिशवी दगडासारखी ठासून भरली की रायफल तिच्यावर उडते. मग वाळू थोडी सैल केली आणि रायफलवर खडूची खूण करून दर वेळी त्याच जागी टेकवायला लागलो. कागदावरची भोकं हळूहळू जवळ आली.

गोळी थांबायची जागा? आमची विहीर खोदली तेव्हाचा मातीचा ढीग, माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा. टार्गेट त्याच्या पोटाशी. ढिगाच्या मागं सगळं आमचंच रान, आणि तिथं लाल झेंडी घेऊन एक माणूस राखणीला.

तुमच्याही डोक्यात किडा वळवळतोय? मग आधी एखाद्या रायफल क्लबात जाऊन रीतसर शिका. रायफलचं तोंड कायम टार्गेटकडे, भरलेली असो की रिकामी. कुणी पुढं गेलं की सगळ्या रायफली रिकाम्या करून टेबलावर आणि सगळ्यांचे हात मागं. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण कडक वस्तूवर आपटून छर्रा उलटा येतो. छर्रा शिशाचा असतो, तेव्हा हात धुतल्याशिवाय वड्याला हात लावायचा नाही. आणि हुकूम एकाच माणसाचा. आमच्याकडे तो आबांचा होता, हे सांगायला नकोच.

निकाल

आम्ही सहा जण. प्रत्येकी २५ छर्रे, कमाल गुण २५०. एका बाजूचा ऊस तुटून गेलेला, दुसऱ्या बाजूचा उभा. त्यामुळे वारा निम्म्या अंतरावर एक आणि निम्म्या अंतरावर भलताच. पहिली रिबीन पूर्वेला फडफडायची, शेवटची लोंबकळत असायची.

चुलतभावानं कागदावर वाऱ्याचं गणित मांडून आणलं होतं. १७१ गुण! गणित तसंच राहिलं. मी १५८, त्यावर बोलायचं नाही.

वहिनीनं आयुष्यात पहिल्यांदाच रायफल हातात घेतली होती. ती नुसती थांबायची. एकेका छऱ्याला दोन-दोन मिनिटं. रिबिनी एका ओळीत आल्या की चाप. २०९! आम्ही तोंडात बोटं घातली. "त्यात काय? दर उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरड्या कोण घालतं? वारा कधी पडतो ते कळतं की मला," ती म्हणाली.

आबा शेवटी बसले. खुर्ची सरकवताना हात थरथरत होता. सगळ्यांना तो दिसत होता आणि सगळे दुसरीकडे बघत होते. त्यांनी रायफल पिशव्यांवर ठेवली. खडूची खूण जुळवली. डाव्या हातानं मागची पिशवी हलकेच दाबली. नळी स्थिर झाली. बोट मात्र थरथरतच होतं. पहिले सात-आठ छर्रे भलतीकडे गेले. मग त्यांनी चापावर बोटाचं टोक ठेवायचं सोडून पेराचा भाग टेकवला आणि थरथर थोडी ओसरण्याची वाट बघायला लागले. आम्ही वाऱ्याची वाट बघत होतो, ते वाऱ्याची आणि हाताची, दोन्हींची.

१८४. तिसरा नंबर.

"फौजेत असतो तर या नेमाला शिक्षा झाली असती," ते म्हणाले. पण कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

परवा घरी फोन केला. काकू म्हणाल्या, आबा घरात नाहीत, पारावर गेलेत. कुणाला तरी वाऱ्याचं सांगत बसलेत आणि पुढच्या रविवारसाठी आणखी दोन टेबलं मागतायत.

मी बसचं तिकीट काढलंय. या वेळी १५८ च्या पुढे जायचंय!